पिकअपला डिफरन्शियल लॉकर: कोणता, कुठे आणि आत्ताच का?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, शेजारच्या तुकड्यात टोमॅटो असतो. गेल्या वर्षी २०१७ सालची इसुझू व्ही-क्रॉस जुनी घेतली. खतं, औषधं, पिंपळगावला न्यायचे क्रेट, सगळं तिच्यावरच. पावसाळ्यात रविवारी मित्रांबरोबर पेठ-हरसूलकडे चक्कर असते. फोर व्हील ड्राइव्ह असूनही गाडी दोन ठिकाणी अडकते. एक आमची पाणंद, तिथे काळा चिखल. दुसरी ओढ्यापलीकडची चढण, तिथे खडक आणि चर. नवल म्हणजे भरलेली निघते, रिकामी अडकते. दर वेळी वडील ट्रॅक्टर घेऊन येतात आणि वर चार शब्द ऐकवतात. गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरणारं चाक आपोआप आवरणारी यंत्रणा, नाही. लॉकर बसवायचा विचार आहे. गावातला मिस्त्री म्हणतो, डिफरन्शियलच्या आतले गिअर वेल्ड करून टाकू, खर्चच नाही. मित्र म्हणतो, लंचबॉक्स लॉकर घे. एका दुकानदाराने पुढे-मागे दोन्हीकडे एअर लॉकर सुचवून लाखाच्या पुढचं कोटेशन दिलंय. ई-लॉकरबद्दलही ऐकलंय. हंगामात गाडी आमचा गडीही चालवतो. घरचे म्हणतात, आधी ठिबकच्या नळ्या बदल. काय करावं?
एक बागायतदार, ता. दिंडोरी

उत्तर

नमस्कार भाऊ. ‘भरलेली निघते, रिकामी अडकते’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. निम्मं उत्तर त्यातच आहे, त्याकडे येतोच. त्याआधी एक सांगतो. लॉकर ही वस्तू तुमच्या घरात पूर्वीपासून आहे. वडील ज्या ट्रॅक्टरवर बसून तुम्हाला ओढायला येतात, त्यावर टाचेने दाबायचं एक छोटं पेडल असतं. नांगरताना एक चाक ओल्यात जागच्या जागी फिरायला लागलं की ते दाबायचं, ट्रॅक्टर निघाला की सोडायचं. तोच डिफरन्शियल लॉक. ते दाबून ठेवून बांधाशी वळायला गेलं तर ट्रॅक्टर वळायला नकार देतो, नाक सरळच धरतो, हेही तुम्ही अनुभवलं असेल. पिकअपला लॉकर बसवल्यावर फायदाही तोच आणि अडचणही तीच.

आता हे होतं का? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये साधारण दीड मीटर अंतर धरलं, तर एका काटकोनी वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३५ मीटर जास्त चालतं. ही तफावत सांभाळायला एक्सलच्या मध्ये गिअरचा एक संच असतो, तेच डिफरन्शियल. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलचा स्वभाव असा की ते दोन्ही चाकांना ताकद सारखीच देतं, आणि ती किती द्यायची हे ठरवतं सगळ्यात कमी पकड असलेलं चाक. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरवायला काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. तुमच्या गाडीत फोर व्हील ड्राइव्ह टाकलं की ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे जाते खरी, पण प्रत्येक एक्सलमध्ये पुन्हा हाच कारभार. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरकी दोन चाकं हलकी झाली की ती दोन गरगर फिरतात, बाकीची दोन शांत उभी राहतात. चारही चाकांना ताकद देणारी गाडी दोन चाकांवर हरते ती अशी.

लॉकर ही तफावत बंद करतो. दोन्ही अर्ध्या शाफ्टना एकमेकांशी जखडतो, मग एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला पूर्ण ताकद पोचते.

म्हणून कोटेशन बाजूला ठेवा आणि पुढच्या वेळी गाडी अडकली की एक काम करा. रेस देणं थांबवा, गड्याला आत बसवा, स्वतः खाली उतरून जरा लांबून बघा आणि त्याला अगदी हलकेच क्लच सोडायला सांगा. कोणती चाकं फिरतात? फार जवळ किंवा चाकाच्या मागे उभे राहू नका, दगड उडतो. ओढ्याच्या चढणीवर मागचं एक चाक फिरतंय आणि त्याच्या जोडीचं स्थिर आहे, असं दिसलं तर ते लॉकरचं काम. पाणंदीत मागची दोन्ही चाकं फिरताहेत, दोघांच्या टायरवर काळ्या मातीचा लेप बसून नक्षी गायब झालीय, असं दिसलं तर लॉकर फारसं काही करणार नाही. दोन्ही चाकं आधीच फिरत असतील तर त्यांना जखडून मिळणार काय? आणि गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं असेल, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमुळे पाणंदीत हे हमखास होतं, तर लॉकरही नको आणि टायरही नको. फावडं काढा.

माझा अंदाज सांगतो. तुमच्या पाणंदीचा प्रश्न टायरचा आहे आणि ओढ्याचा प्रश्न लॉकरचा. आता रिकामी गाडी का अडकते तेही सांगतो. पिकअपचा हौदा रिकामा असला की मागच्या एक्सलवर वजन फारच कमी राहतं, आणि पाट्यांच्या स्प्रिंगा तर माल वाहायला बनवलेल्या, त्या रिकाम्या गाडीत दबतच नाहीत. चर आला की चाक खाली उतरून जमीन शोधत नाही, वर लटकतं. क्रेट भरले की तीच स्प्रिंग दबते, चाक टेकतं, गाडी निघते. पावसाळ्यात रिकामी जायची वेळ आली तर हौद्यात मागच्या बाजूला मातीची चार-सहा पोती टाकून, नीट बांधून बघा. सुटी ठेवू नका, ब्रेक लागला की ती काच फोडून पुढे येतात. हा इलाज शून्य रुपयांचा आहे आणि वडिलांनाही पटेल.

दुसरा फुकटचा इलाज हँडब्रेकचा. ओढ्यावर मागचं एक चाक हवेत फिरायला लागलं की हँडब्रेक दोन-तीन दात ओढा आणि मग सावकाश रेस द्या. फिरणाऱ्या चाकाला विरोध मिळतो, त्यामुळे थोडी ताकद दुसऱ्या चाकाकडे जाऊ शकते. तुमचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर काम करतो, त्यामुळे हे करून बघता येतं. ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो आणि घसरणाऱ्या बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर काढतात, त्याचाच हा कच्चा प्रकार. जिम्नी आणि नव्या थारमध्ये ब्रेकवर चालणारं जे लॉकिंग मिळतं तेही मूळ याच जातीचं, फक्त तिथे संगणक एकेका चाकाचा ब्रेक दाबतो. दर रविवारी करायचा हा प्रकार नाही, ब्रेकचे लायनर तापतात. पण लाख रुपये घालायच्या आधी आपल्याला नेमकं काय हवंय हे यातून कळतं. हँडब्रेकने गाडी निघाली, तर लॉकरने नक्कीच निघेल.

टायरकडे वळू. काळ्या मातीत हायवेचे गुळगुळीत टायर घेऊन कितीही महागडा लॉकर लावला तरी गाडी जागीच खणत बसणार. खोल आणि मोकळ्या नक्षीचे मड टेरेन टायर, निदान चांगले ऑल टेरेन, मूळ मापातच घ्या. माप वाढवलं की स्पीडोमीटर चुकतो, गिअर जड वाटतात, वर आरटीओची कटकट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हवा. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय असेल, तर रिकाम्या गाडीत चिखलात २० पर्यंत उतरवा. टायर पसरतो, लांब होतो, जमिनीला धरतो. क्रेट भरलेले असताना इतकं उतरवू नका, आणि कमी हवेवर जोरात वळण घेऊ नका, टायर रिमवरून निसटतो. डांबरी लागली की पुन्हा भरायची. म्हणजे गाडीत चांगला कॉम्प्रेसर हवा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लॉकर निवडताना तिचा संबंध येणार आहे.

एवढं करूनही ओढा अडवत असेल, आणि मला वाटतं अडवेल, तर मग लॉकर. तुम्हाला सुचवलेल्या गोष्टी एकेक बघू.

वेल्डिंगला सरळ नाही म्हणा. मिस्त्री चांगल्या मनाने सांगत असेल, पण आतले गिअर वेल्ड केले की मागची दोन्ही चाकं कायमची एक होतात. ते पेडल कायम दाबून ठेवल्यासारखंच की. डांबरीवर प्रत्येक वळणाला एक चाक फरफटणार, टायर खाणार, एक्सल शाफ्टवर ताण येणार. ओल्या सावळघाटात वळण घेताना गाडी सरळ जायला बघेल आणि समोरून ट्रक असेल. फक्त ट्रॅकवर धावणाऱ्या, ट्रेलरवरून न्यायच्या गाड्यांना लोक हे करतात. पिंपळगावला टोमॅटो नेणाऱ्या गाडीला नाही.

लंचबॉक्स लॉकरचा मोह मी समजू शकतो. जुनी केसिंग, म्हणजे डिफरन्शियलच्या गिअरचं कवच, तशीच ठेवून आतले छोटे गिअर काढायचे आणि त्यांच्या जागी दातेरी जोड्या बसवायच्या. क्राऊन-पिनियनचं, म्हणजे एक्सल फिरवणाऱ्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचं, सेटिंग हलत नाही, त्यामुळे मजुरी कमी. वायर नाही, पाइप नाही, बटण नाही. सरळ चालताना तो लॉक असतो, वळताना बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की टक-टक-टक करत त्याला सोडतो. जुन्या जिप्सीवर, रविवारपुरत्या गाडीवर ही स्वस्त आणि चांगली वस्तू आहे. तुमच्या गाडीवर मागे मी बसवणार नाही. वळणात रेस दिली-सोडली की हा लॉकर अचानक धरतो किंवा सुटतो, आणि गाडीची मागची बाजू किंचित बाजूला सरकते. ज्याला सवय झाली तो हसून सोडून देतो. तुमचा गडी हंगामात चार महिने चालवणार, तोही क्रेटच्या घाईत, पहाटेच्या ओल्या रस्त्यावर. त्याच्या हातात ही गाडी देऊ नका. शिवाय जुनी केसिंग तशीच राहते, तिची ताकद मूळचीच. डेट्रॉइट लॉकर हा याच स्वयंचलित जातीतला मोठा आणि दणकट भाऊ. त्याची पूर्ण केसिंग नवी येते, पण रस्त्यावरचा स्वभाव तसाच रांगडा.

लिमिटेड स्लिप, म्हणजे चाकांना पूर्ण न जखडता घसरण थोडी रोखणारं डिफरन्शियल, तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवणारच. क्लचच्या चकत्यांचा असेल तर झिजतो, त्याला ऑइलही खास लागतं. गिअरवर चालणारा टॉर्सन किंवा ट्रूट्रॅक पद्धतीचा असेल तर रस्त्यावर फार गोड चालतो, वळणात कळतही नाही. पण तो कमी पकडीच्या चाकाला मिळणाऱ्या ताकदीच्या काही पट दुसऱ्याला देतो. हवेतल्या चाकाची ताकद जवळजवळ शून्य, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्य. तिथे पुन्हा हँडब्रेकच ओढावा लागणार. तुमच्या ओढ्याला तो पुरा पडणार नाही.

आपल्या सातपूरला बनणाऱ्या थारमध्ये मिळणारा ईटनचा मेकॅनिकल लॉकर वेगळा. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि तो आपोआप धरतो. सुमारे ३० किलोमीटरच्या वर वेग गेला की धरतच नाही. म्हणजे रस्त्यावर त्रास नाही, चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही. वाईट बाजू अशी की आधी चाक जोरात फिरावं लागतं, मग दणका बसून धरतो. हळू, मोजून चढायच्या खडकाळ जागी हा दणका नेमका नको तेव्हा बसतो. कंपनीतून बसून आला तर ठीक, मुद्दाम बाहेरून शोधून बसवण्यासारखा मला वाटत नाही.

राहिले ते हवं तेव्हा लावायचे लॉकर. हवेचा आणि विजेचा. फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हाताच्या लिव्हरचे मिळतात, टोयोटा हायलक्सला मागे विजेचा, थार रॉक्सच्या फोर बाय फोरलाही विजेचा. तुम्हाला याच दोन जातींतला एक घ्यायचा आहे. बंद असताना गाडी पूर्णपणे मूळची राहते, गड्याला काही कळायचं कारण नाही, आणि बटणावर झाकण लावलं की तो चुकून दाबणारही नाही.

एअर लॉकर म्हटलं की डोळ्यासमोर ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचं नाव येतं. तिथल्याच एका डिफ लॉक बनवणाऱ्याचा धंदा त्यांनी १९८७ मध्ये घेतला आणि तेव्हापासून हा त्यांचा हुकमी माल. छोट्या कॉम्प्रेसरची हवा, सुमारे ८५ ते १०५ पीएसआय, बारीक नळीतून एक्सलच्या आत जाते, आतला पिस्टन गिअरला जखडतो. हवा सोडली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. बनावट मजबूत, धरतो पक्कं. दुखणी दोन. नळी कुठे घासली किंवा एक्झॉस्टजवळ गेली तर हवा गळते. आणि आतला ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, गेला की हवा एक्सलच्या पोटात जाते, ब्रीदर, म्हणजे एक्सलची श्वास घ्यायची नळी, चोंदलेला असेल तर दाबाने सील फुटून ऑइल बाहेर येतं. पण हवा गेली तर गाडी बंद पडत नाही, फक्त साध्या डिफरन्शियलवर येते.

ई-लॉकरमध्ये हवेचा खटाटोप नाही. एक वायर, एक चुंबक. बसवायला सुटसुटीत, गळायला काही नाही. ईटन आणि त्याच तंत्रावर काम करणारी ऑस्ट्रेलियातली हॅरप ही त्यातली मुरलेली नावं. ईटनच्या काही बनावटींत पुढून रिव्हर्सला गेलं की क्षणभर सुटून पुन्हा धरतो. चढावर मागे-पुढे करत गाडी झुलवून काढायची सवय असेल तर हे थोडं खटकतं. आणि कनेक्टर. पाणंदीत महिनाभर चिखल खाल्ल्यावर स्वस्त कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरतो. चांगला सीलबंद कनेक्टर आणि वायरला जाळीची नळी, एवढं मागून घ्या.

तुमच्या जागी मी एअर लॉकर घेईन. कारण साधं आहे: कॉम्प्रेसर तुम्हाला टायरसाठी घ्यायचाच आहे. लॉकरच्याच कंपनीचा थोडा मोठा घेतला तर लॉकरही चालवतो आणि चारही टायरही भरतो. पण बसवणारा ज्याच्यात मुरलाय आणि ज्याचे सुटे भाग चार दिवसांत नाशिकला येऊ शकतात, तो या दोन्हींत श्रेष्ठ. दुकानदाराला हे विचारा: ओ-रिंगचा संच आणि सोलेनॉइड (हवेची विजेवरची झडप) आत्ता माझ्या हातात देता का? दिले तर घ्या आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. ‘मागवून देतो’ म्हणाला तर पुढचा दुकानदार बघा.

पुढे लॉकर नको. दुकानदाराला दोन विकायचे आहेत, तुम्हाला एक पुरतो. तुमच्या गाडीला पुढे सलग एक्सल नाही, प्रत्येक चाक वेगळं हलतं आणि ताकद सीव्ही जॉइंटमधून, म्हणजे चाक वळलं तरी फिरणाऱ्या सांध्यातून, जाते. चाक पूर्ण वळवलेलं असताना, खाली लटकलेलं असताना लॉक करून रेस दिली तर तो जॉइंट बोलतो, म्हणजे तुटतो, आणि बोलला की गाडी तिथेच. स्टिअरिंगही दगडासारखं जड होतं. चढताना वजन मागे जातं, म्हणून जास्त काम मागचाच लॉकर करतो.

ऑर्डर देण्याआधी थोडी मोजमापं घ्या. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, हा झाला तुमचा रेशो. उदाहरणार्थ ४१ आणि १० असतील तर ४.१. मागच्या मालकाने कधी क्राऊन-पिनियन बदललं असेल तर कागदावरचा आकडा खरा नसतो. पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. एक्सल शाफ्टच्या टोकावरच्या खाचा मोजा, ते स्प्लाइन लॉकरशी जुळायला हवेत. तुमची व्ही-क्रॉस ही इसुझू डी-मॅक्सचीच एक आवृत्ती, पण ‘डी-मॅक्सचा आहे, बसेल’ एवढ्यावर पैसे देऊ नका. कोणत्या सालची डी-मॅक्स आणि कोणता एक्सल हे लिहून घ्या.

आणि आता मिस्त्री. माझ्या मते लॉकरच्या ब्रँडपेक्षा हा निर्णय मोठा आहे. एअर किंवा ई-लॉकर म्हणजे पूर्ण नवी केसिंग. क्राऊन जुन्यावरून काढून नव्यावर बसवायचा, बेअरिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकत्या, टाकून पिनियनशी त्याचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, जुळवायचा. तो मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात मोजतात, डायल गेज लावून. दातांवर रंग लावून, फिरवून, ठसा दाताच्या मधोमध पडतो का ते बघायचं. अंगठ्याने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. नाहीतर ६० च्या वेगाला क्राऊन ओरडायला लागतो आणि एकदा ओरडला की सहसा गप्प बसत नाही. नाशिकचं भाग्य असं की गाड्यांचे कारखाने आणि ट्रकचा धंदा दोन्ही असल्याने या कामाचे जाणते लोक आहेत. पोस्टर आणि एलईडी लावलेल्या ऑफ-रोड दुकानापेक्षा, ट्रकचे क्राऊन-पिनियन रोज बसवणारा, पण लॉकरचं माहितीपत्रक वाचून काम करायला तयार असलेला मिस्त्री मला जास्त भरवशाचा वाटतो. दुकानाकडूनच बसवायचं असेल तर डायल गेज दाखवा म्हणावं.

हाऊसिंग उघडलंच आहे तर ब्रीदरची नळी वर इंजिनच्या खोलीपर्यंत न्या. गरम एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. ही नळी काही शे रुपयांत होते. ओढ्यातून जाणं-येणं झालं की अधूनमधून ऑइलचा बोल्ट सैल करून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. नवं काम झाल्यावर पहिल्या हजारेक किलोमीटरला ऑइल बदलून टाका, बारीक लोखंडी चुरा निघून जातो.

वापरताना लॉकर आधी लावायचा. चाक फिरायला लागल्यावर नाही, चढणीच्या अलीकडे, गाडी थांबवून किंवा अगदी सरपटत असताना, लो रेंजमध्ये (फोर व्हील ड्राइव्हचा सावकाश आणि जोरकस गिअर). फिरत्या चाकावर बटण दाबलं की दात दातावर आदळतात. लॉक असताना एका शाफ्टवर पूर्ण ताकद येऊ शकते, साध्या डिफरन्शियलमध्ये निम्मीच येते. म्हणून लॉकर लावलेल्या गाडीत रेस कमी लागते, जास्त नाही. ज्यांचे शाफ्ट तुटतात ते बहुतेक उडी मारून चढणारे. चढण संपली की सोडा. ट्रॅक्टरसारखंच, कधी ताण राहिल्याने लगेच सुटत नाही. दोन मीटर सरळ किंवा किंचित मागे घ्या, सुटतो.

एका जागी मात्र लॉकर घातक आहे: आडवा उतार. पेठ-हरसूलकडे पावसात शेवाळलेला खडक आणि ओलं गवत असतं. तिथे उताराला आडवे जाताना लॉक असेल तर मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीची शेपटी दरीकडे सरकते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरतं, दुसरं धरून ठेवतं. आडव्या उतारावर बटणाला हात लावू नका. आणि त्या बाजूला जाताच आहात तर भाताच्या खाचरांतून आणि वनखात्याच्या हद्दीत गाडी घालू नका. खाचराचा बांध फोडला की त्या माणसाचं त्या वर्षाचं पाणी जातं, तुम्हाला हे सांगायला नको.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत. लॉकर एक्सलच्या पोटात बसतो, बाहेरून गाडीचं माप, आसनं, इंजिन काहीच बदलत नाही. गाडी उचलणं, रुंद टायर, बाहेर आलेले बंपर यावर अडवतात. तरी विमा कंपनीला एक ओळीचं पत्र देऊन पोच घ्या.

वडिलांना एक विनंती करा. ओढताना ट्रॅक्टरची साखळी वापरू नका. तुटली तर ती सरळ काचेतून येते. रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना बोल्टने बसवलेले मजबूत हूक, आणि बघे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब.

ठिबकचं म्हणाल तर घरच्यांचं ऐका. नळ्या बदला, या पावसाळ्याआधी टायर, कॉम्प्रेसर आणि ब्रीदर करून घ्या. चार महिने अडकण्याच्या जागा बघा, हँडब्रेक आणि पोत्यांनी काय होतं ते बघा. ओढा तरीही अडवत असेल तर ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर, गाडीला चार दिवस सुट्टी देता येईल तेव्हा, मागचा एअर लॉकर.

काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी ही तपासणी स्वतः करा. सपाट फरशीवर पुढच्या चाकांना ओट लावा, मागचा एक्सल उचलून पक्क्या स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. गाडी टू व्हील ड्राइव्हमध्ये, गिअर टाकलेला, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. लॉकर बंद असताना एक मागचं चाक हाताने फिरवा: दुसरं उलट्या दिशेने फिरायला हवं, हलकं, अडखळ न होता. आता चावी पुढे घ्या, कॉम्प्रेसर भरू द्या, बटण दाबा आणि पुन्हा फिरवा. चाक किंचित हलून थांबलं पाहिजे, दुसरंही जागचं हलता कामा नये. बटण सोडा, पुन्हा मोकळं फिरलं पाहिजे. मग बटण दाबून ठेवून दहा मिनिटं चहा घ्या आणि कॉम्प्रेसरकडे कान ठेवा. एकदा भरून गप्प बसला तर ठीक. दर मिनिटाला चालू होत असेल तर कुठेतरी गळतंय. हाऊसिंग पुन्हा उघडायला सांगा, उरलेली मजुरी त्यानंतर.